मंदाबाईंनी काढलेली टिक

मंदाबाई आज पहाटे गेल्या.

कुणी "शांतपणे प्राणज्योत मालवली" असं लिहिलं तर विश्वास ठेवू नका. त्या बाईने आयुष्यात एकही गोष्ट शांतपणे केली नाही.

मुरबाडजवळच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या त्या रेक्टर. माहेर आणि सासर दोन्ही धसईकडचं, भातशेतीवालं. आवाज असा की वसतिगृहात हाक मारली तर बाजारात गेलेल्या पोरीसुद्धा अभ्यासाला बसायच्या.

मी संस्थेची वेबसाइट सांभाळते. म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि नेट गेलं की शिव्या. इतकंच.

काही वर्षांपूर्वी संस्थेने ठरवलं, प्रवेश अर्ज ऑनलाइन घ्यायचे. सचिव म्हणाले, एकेका मुलीचे दोन-दोन अर्ज येतात, फार घोळ होतो. एका मोबाइल नंबरवरून एकच अर्ज घ्या.

फॉर्मच्या सेटिंगमध्ये ती सोय होतीच. एक टिक. मी केली.

त्या नंबरवरून दुसरा अर्ज भरला की लाल अक्षरं यायची, "या क्रमांकावरून अर्ज आधीच आला आहे."

मुदत संपत आली तेव्हा सचिव म्हणाले, "यंदा वाड्यांवरून मागणीच नाही दिसत."

मंदाबाई भडकल्या. "मागणी नाय? मग दरसाल माझं डोकं खातात त्या पोरी काय हवेत विरघळल्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने बाई वैशाखऱ्याला. तिथून चालत वाडीवर.

माणसं नुकतीच वीटभट्टीवरून परतली होती. पोरीला वसतिगृहात जागा मिळाली तर ती शिकते. नाही मिळाली तर दिवाळीनंतर आईबापाबरोबर तीही विटा वाहायला. मधला रस्ता नाही.

अख्ख्या वाडीत चालू मोबाइल एकच, बाळूदादाचा.

"बाळू, अर्ज का नाय भरले रे?"

"भरला ना बाई. एकच घेता ना तुमी यंदा? शेजारच्या वाडीला दुसरा अर्ज घेतलाच नाय मोबाइलनी. मग आमी आधीच चिठ्ठ्या टाकल्या. उगाच भांडान नको."

चिठ्ठ्या!

वाडीला एकच जागा, असं समजून त्या माणसांनी सगळ्या पोरींच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. एकीची निघाली. बाकीच्या तिथेच ओट्यावर बसून होत्या.

तक्रार कुणाचीच नव्हती. बाईंना तेच सहन झालं नाही.

दुपारी त्या माझ्यासमोर उभ्या. पाणी दिलं तर घेतलं नाही.

"गो, तुझा तो फॉर्म उघड."

"बाई, सचिवांना विचारल्याशिवाय मला..."

"विचार. स्पीकरवर लाव."

सचिव फोनवर कळवळले, "अहो बाई, डुप्लिकेट येतील!"

"येऊ द्या. एक पोरगी दोनदा आली तर मी तिला एकदाच वाढीन. पण आलीच नाय तर कुणाला वाढू?"

सचिवांनी हात टेकले. "बघा बुवा, तुमचं तुम्ही."

"कुठाय ती टिक?"

मी बोट दाखवलं. बाईंनी माऊस माझ्या हातातून ओढून घेतला. नको तिथे क्लिक केलं, डावीकडचा मेनू गायब केला, वर मलाच ओरडल्या. आणि शेवटी ती टिक स्वतःच्या हाताने काढली.

सेव्ह. मुदतही पुढे ढकलली, बाळूदादाला फोन करून कळवलं.

मग अंगात आलं. "हे लाल तारे कसले?" म्हटलं, तारा असलेला रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. "ईमेल? वाडीवर? काढ!" आणि माझं लक्ष नसताना बाईंनी सगळेच तारे काढून टाकले. मुलीच्या नावाचासुद्धा.

दोन दिवसांत एक अर्ज आला. नाव रिकामं, मोबाइल नंबरही रिकामा. गावापुढे फक्त "वाडी".

मी पोट धरून हसले. बाई हसल्या नाहीत.

"हसतेस काय? पोरगी आहे ना कुठंतरी?"

आणि निघाल्या शोधायला. या वाडीवरून त्या वाडीवर, भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. संध्याकाळी परत आल्या त्या विजयी मुद्रेने. "सापडली! शेवंता नाव. आईने भरला, मोबाइल दुसऱ्याचा, घाई झाली तिला. लिही."

नावाचा तारा मी परत लावला. तेवढं त्यांनी चालवून घेतलं.

त्या जूनमध्ये वसतिगृहाचा व्हरांडा पत्र्याच्या ट्रंकांनी भरला. गाद्या कमी पडल्या. चिठ्ठीत नाव न निघालेल्या सगळ्या पोरी आल्या. सगळ्या! बाई दारात उभ्या राहून एकेकीच्या पाठीत धपाटा घालून आत घेत होत्या.

सचिवांनी भाषणात याला "संस्थेची दूरदृष्टी" म्हटलं. सगळ्यात जोरात टाळ्या बाईंनीच वाजवल्या.

आज सकाळी ऑफिसमधून निरोप आला. वेबसाइट उघडताच बाईंचा फोटो दिसू दे, स्क्रीनभर, खाली "भावपूर्ण श्रद्धांजली".

रडत रडत लावला. मग एका लहान मोबाइलवर उघडून बघितला.

फोटोने सगळा पडदा व्यापलेला. बंद करायची फुली स्क्रीनच्या बाहेर. मागचा फॉर्म दिसेचना.

मे महिना आहे. वाड्या नुकत्याच परतल्यात.

काढला. ऑफिसला कळवलं, रागवायचं तर मला रागवा.

त्यानंतर दुपारपर्यंत एकाच नंबरवरून अर्ज येत राहिले. एक पोरगी, मग दुसरी, मग तिसरी. एकही अडला नाही.

मंदाबाई, तुमचा फोटो लावलाय. फॉर्मच्या तळाशी, "अर्ज पाठवा" बटणाच्याही खाली.

आधी पोरी, मग तुम्ही.

नमस्कार, बाई.