फुंका, बाबा

दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि वर्गातली निम्मी मुलं डोंगराकडे पळाली. मी उन्हाळी संशोधनाचा अर्ज भरला. आम्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांना दोन महिने एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली छोटंसं संशोधन करायला मिळायचं. शेवटी अहवाल लिहायचा आणि प्रमाणपत्र घ्यायचं. संशोधनाची मला फार ओढ होती अशातला भाग नाही. मला स्वस्थ बसता येत नाही, एवढंच. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये कूलरसमोर बसून दुपारी ढकलायच्या, या नुसत्या कल्पनेनेच माझे पाय वळवळायला लागायचे.

विषय मिळाला तो दिल्लीबाहेरच्या मानेसरमधल्या कामगारांच्या फुप्फुसांचा. गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने तिकडे भराभर उभे राहत होते, आणि लोखंड घासताना उडणाऱ्या धुळीने श्वासावर काय परिणाम होतो ते मला मोजायचं होतं. त्याचं यंत्र म्हणजे स्पायरोमीटर. माणसाच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात पुठ्ठ्याची नळी द्यायची, छाती भरून श्वास घ्यायला लावायचा आणि मग सगळी हवा एका दमात जोराने बाहेर. यंत्र कागदावर आलेख काढतं.

यातली गोम अशी, की कुठलाही माणूस आपणहून शेवटपर्यंत फुंकत नाही. त्याच्यावर ओरडावं लागतं. "ज़ोर से! और! और! छोड़ना नहीं!" पहिल्या आठवड्यातच माझा घसा बसला. कामगार हसायचे. एकजण म्हणाला, "मॅडम, आप तो थाने में भरती हो जाओ." मला ते काम भयंकर आवडलं. शहाण्या मुलीने ओरडू नये असं ऐकत मोठी झालेल्या मला कुणीतरी ओरडण्याचा परवाना दिला होता.

तुलनेसाठी कारखान्याशी संबंध नसलेली, त्याच वयाची, धूम्रपान न करणारी माणसंही हवी होती. आमच्या कॉलनीत अशा सरकारी बाबूंची काय कमी! पहिला नंबर मी बाबांचाच लावला. ते निवृत्तीला आले होते. क्वार्टर सोडावं लागणार म्हणून घरात सतत द्वारकेचा जप चालायचा. दिल्लीच्याच टोकाच्या त्या नव्या वसाहतीत आम्हाला सोडतीत फ्लॅट लागला होता, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती आणि बसणारही नव्हती. पण आई हरखली होती. डोक्यावर कुणी नाही, गच्ची जवळ, वारा भरपूर. आयुष्यभर सरकारच्या भिंतींत खिळा ठोकायलाही बिचकलेली बाई आता टाइलचे नमुने उशाशी घेऊन झोपायची.

एका रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर यंत्र मांडलं. बाबांनी नाकाला चिमटा लावून घेतला आणि माझं तोंडच उघडेना. आमच्याकडे बाबांना 'अहो बाबा' करतात. त्यांच्याशी आवाज चढवणं हे फक्त आईचं खातं. मी पुटपुटले, "बाबा, फुंका ना... अजून थोडं... जमलं तर." आलेख आला तो मऊ उशीसारखा, गोलमटोल.

प्राध्यापिका मॅडमनी कागदावर नजर टाकली आणि परत केला. "इन्होंने तो कोशिश ही नहीं की. दोबारा करो. अपने पापा पर चिल्ला नहीं सकती, तो डॉक्टर कैसे बनोगी?"

तो आठवडा मी नुसती येरझाऱ्या घालत काढला. बस वेळेवर आली नाही की चिडायचे, आली की तिच्या वेगावर चिडायचे. कॉलनीतल्या इतर काकांवर मी खुशाल ओरडले, त्यांचे आलेख झकास आले. फक्त बाबांचा कागद राहिला होता आणि यंत्र आता परत करायचं होतं. माझ्या मऊ मराठीने एक आकडा वाया गेला, या विचाराने मला जेवण गोड लागेना.

पुढच्या रविवारी मी बाबांना पुन्हा टेबलाशी बसवलं. ते टाळत होते. "अगं, दुसरा कुणी घे ना." मी ऐकलं नाही. चिमटा लावला, नळी दिली आणि डोळे मिटून सरळ हिंदीत शिरले. "ज़ोर से! और! और! रुकना नहीं! और!" बाबा दचकले आणि फुंकू लागले. त्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, चेहरा लाल झाला. मी थांबले नाही. तीनदा फुंकून घेतलं.

तिन्ही रेघा एकमेकींवर चपखल बसल्या होत्या. प्रयत्न पूर्ण झाला की असंच होतं. सुरुवात टोकदार होती, आणि मग रेघ आत खचत खचत खाली आली होती. असा आलेख पुस्तकात पाहिला होता. दम्याच्या प्रकरणात. मानेसरला रोज धूळ खाणाऱ्या माणसांचेही यापेक्षा बरे होते.

बाबा धापा टाकत होते. कशी सुरुवात करावी याचा मी विचार करत होते. त्यांनीच केली.

"मागच्या वेळी तू हळू बोललीस म्हणून बिघडलं नव्हतं ते," ते म्हणाले. "मीच फुंकलं नाही."

"का?"

"पूर्ण फुंकलं असतं तर तुला कळलं असतं." ते हलक्या आवाजात बोलत होते, कारण आई आत पोळ्या लाटत होती. "तिला जागा दाखवायला नेलं ना द्वारकेला, तेव्हा मी पहिल्या मजल्यावरच बसलो. म्हटलं, तू हो पुढे, मला चपला काढून जरा पाय मोकळे करायचेत. ती वर जाऊन बाल्कनीतून हाका मारत होती. हात हलवत होती. मला उठताच येईना."

मला इतका राग आला की हातातली नळी चुरगळली गेली. आठवडाभर मी स्वतःला कोसत होते आणि हा माणूस समोर बसून मला कोसू देत होता. मग राग गेला आणि नुसती भीती उरली. मी म्हटलं, "उद्या ओपीडीत यायचं. बिल्कुल ऐकणार नाही मी. औषधं आहेत यावर."

"येतो. पण जिन्याला औषध आहे का?"

मी चुरगळलेली नळी सरळ करत राहिले. बरं वाटेल, किती वाटेल, साठीनंतर रोज तीन मजले झेपतील का, हे कुणाला ठाऊक.

"तिला सांगू नकोस," बाबा म्हणाले. "निदान टाइल तरी ठरू देत."

तेवढ्यात आतून आईने विचारलं, "अहो, स्वयंपाकघराला निळी घ्यायची की पांढरी? टाइलवाला दुपारी येतोय, चलो, ठरवा पटकन!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको. मी उठले. पाय नेहमीसारखे पळायला बघत नव्हते. आई पोळी तव्यावर टाकत होती, गालाला पीठ लागलं होतं आणि ओट्यावर दोन्ही टाइल शेजारी शेजारी उभ्या केल्या होत्या.

"आई," मी म्हटलं, "गॅस बंद कर. जरा बस इथे."