ठोकळ्यांचं गाव

स्टाफरूममध्ये कुणी नुसतं "मॅडम, ठोकळे काय म्हणतात?" असं विचारलं, की माझा चहा गार झालाच म्हणून समजा. एक किस्सा सांगायला घ्यावा, तर मागून आणखी चार येतात.

कोल्हारजवळच्या एका शाळेत मी नववीला गणित शिकवते. एक्स, वाय, झेड हे तीन अक्ष काढून काढून हात दुखला, पण फळा सपाट तो सपाटच! म्हणून लॅबमध्ये ठोकळ्यांनी घरं बांधायचा व्हिडिओ गेम आणला. कोडमध्ये तीन आकडे द्यायचे: पूर्व-पश्चिम किती, उंची किती, उत्तर-दक्षिण किती. बरोबर तिथे ठोकळा बसतो.

हेडसर म्हणाले, "शनिवारच्या पालकसभेपर्यंत चालू द्या. पालक नको म्हणाले, की तास बंद!"

*

पहिल्याच दिवशी भांडण! गाव बांधायचं ठरलं, पण शून्य, शून्य, शून्य कुठे धरायचं? मला वाटलं, जो तो आपलं घर पुढे करील. छे! "मॅडम, आमच्याच घराला भोपळा कशापायी?"

शेवटी तो भोपळा शाळेच्या झेंड्याच्या खांबाला मिळाला.

*

ओंकारने ऊस लावला. आकडे बरोबर, कोड बरोबर, पण ऊस काही उभा राहीना. या गेममध्ये पाण्याला लागून असल्याशिवाय ऊस धरतच नाही. हे कळल्यावर ओंकार केवढ्याने ओरडला, "हितंबी पाट लागतोय व्हय!"

मग गणित राहिलं बाजूला आणि सगळा वर्ग पाण्याच्या पाळ्या ठरवत बसला!

*

पल्लवी वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी. तिने विहीर बांधली, ती मनोऱ्यासारखी वर वर गेली. "पल्लवी, ही विहीर आहे की पाण्याची टाकी?" तिने उंचीच्या आकड्यामागे मायनस लावला आणि विहीर जमिनीत उतरली.

"मायनस म्हंजी खाली जायाचं, येवढंच व्हय?" ती म्हणाली. वर्षभर मायनसला घाबरणारी ही पोरगी! मला फार आनंद झाला.

*

पालकसभेत पहिले उठले ते पल्लवीचेच वडील. "पोरीला शाळंत धाडतो ते गेम खेळाया न्हाई! बंद करा हे."

मी म्हटलं, "भाऊ, एकदा बघून तर घ्या." पल्लवीने घाबरत घाबरत कोड चालवला. गडबडीत मधल्या आणि शेवटच्या आकड्याची अदलाबदल झाली, आणि त्यांचं घर ओट्यासकट आभाळात लटकलं! सगळी सभा हसली. संपलं, मी मनात म्हटलं.

वडील हसले नाहीत. खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले.

"आप्पा, मदला आकडा उंचीचा. चुकून लई झाला," पल्लवी पुटपुटली.

"मग कमी कर की! आजून... आजून थोडा... हां, टेकलं बघ. आता हीर घे. चुलत्याच्या बांधाला लागू देऊ नको!"

हेडसर खाकरले. "मग, तास बंद करायचा ना?"

पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "थांबा ओ सर, आजून गोठा ऱ्हायलाय!"