तिसरा अल्बम आणि बाबांचा तळहात

काल माळा आवरताना जुना लाकडी स्पीकर हाती आला आणि लालबागच्या आमच्या खोलीतली एक रविवारची दुपार आठवली. माझा तिसरा अल्बम नुकताच आला होता. आधीचे दोन नुसत्या गिटारवरचे, हळू आवाजातले. यात मी ड्रम, बेस, सिंथ सगळं हौसेनं भरलं होतं. ऐकायला बोलावलेल्या दोघी मैत्रिणी आईच्या हातचं बांगड्याचं कालवण ओरपत भांडत होत्या. "तुझी ती साधी गाणी कुठे गेली गं? ही नुसती धडधड," एक म्हणाली. "मला तर नाचावंसं वाटलं यार," दुसरी म्हणाली. मला पहिलीचंच बोलणं लागलं होतं. तेवढ्यात बाबा कॉटवरून उठले. गिरणीत मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेलेले, तरी माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला ते पहिल्या रांगेत असायचे. त्यांनी स्पीकरवर तळहात टेकवला आणि दुसऱ्या हातानं मांडीवर अगदी बिनचूक ठेका धरला. "आज पयल्यांदाच तुजा गाणा ऐकलंय," ते म्हणाले. "मग इतकी वर्षं टाळ्या कशा वाजवायचात?" मी विचारलं. गिरणीतल्या सवयीनं माझे ओठ वाचून ते हसले. "बाजूचे वाजवूक लागले की मी पण." तो अल्बम फसला, असं आजही कुणीतरी भेटून सांगतं, मी वाद घालत नाही. काल स्पीकरची धूळ पुसली, पण बाबांनी पुढे रोज हात टेकवून जाळीच्या कापडाला पाडलेला खळगा मी सरळ केला नाही.