मनोरीचं न वाचलेलं पान

“ही माझी मराठी,” त्यानं ओळख करून दिली. इंग्रजीत. नाव नाही, लेखिका नाही. मनोरीच्या त्या बंगल्यात टेबलाभोवती बसलेले त्याचे दोस्त हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

तो प्रवासवर्णनं लिहितो. मुंबईच्या कडेच्या गावांवर त्याचं पुस्तक चाललं होतं. मी नाहूरची, बाप मालवणहून गिरणीत आलेला, माझ्या नावावर दोन कथासंग्रह. त्याला मराठी येत नाही, म्हणून मी बरोबर. लोकांशी बोलायचं, वहीत टिपायचं, मग त्याला इंग्रजीतून वाचून दाखवायचं. मोठ्या लेखकाबरोबर फिरतेय म्हणून मी हुरळले होते.

माझं ताट बाहेर व्हरांड्यात वाढलं, बंगल्याच्या माळ्याशेजारी. माळी बिचारा आपलं लोणचं मला देत होता. पण आत पुस्तकांच्या गप्पा चालल्या होत्या आणि माझे कान तिकडेच होते.

सकाळी आम्ही एका कोळीण मावशीकडे गेलो होतो. बोंबील उलटवता उलटवता ती माझ्या कानाशी आली.

“ये लिवू नको गो बाय. तुला म्हून सांगते.”

तिच्या नवऱ्याला दारू पाजून जमिनीच्या कागदावर त्याची सही घेतली होती. तिचं मासळी वाळवायचं खळं गेलं, तिथंच हा बंगला उभा राहिला. पोरांना ठाऊक नाही. कळलं तर मेलेल्या बापाला शिव्या घालतील. बोलताना ती रडली. आणि मी मूर्ख. हाताला सवय. ऐकता ऐकता सगळं लिहून बसले.

तिचं रडणं त्यानं लांबून पाहिलं होतं. जेवणं अर्धी झाली आणि मला आत बोलावलं.

“वही आण. ती रडली तेवढं वाच.”

मी उभी. ते बसलेले. खुर्ची कुणी सरकवली नाही. त्यांच्या पायाखाली मावशीचं खळं.

“नाही वाचणार.”

“मग तुला आणलंय कशाला?”

खोटं कशाला सांगू, घाबरलेच होते. हे काम गेलं तर दुसरं कोण देणार?

“मी लेखिका आहे. तुमची सांगकामी नाही,” म्हणाले, आणि वही छातीशी धरून बाहेर पडले.

तडक मावशीकडे गेले. लिहिल्याचं कबूल केलं. पान फाडून तिच्या हातात दिलं. तिनं ते चुलीत घातलं आणि त्यावरच चहाचं आधण ठेवलं.

मनोरीवर आता मी लिहितेय. मराठीत, माझ्या नावानं. ते पान त्यात नसेल. ते टेबल असेल, हसणारे असतील, त्यांच्यासोबत हसलेली मीही असेन. पहिली प्रत त्याला पाठवणार आहे. वाचता येत नसेल तर घ्यावं कुणाकडून वाचून. माझ्याकडून नाही.