बाबांची जीभ

माझे बाबा एका मोठ्या कंपनीच्या कॅंटीनमध्ये सव्वीस वर्षं आचारी आहेत, आणि त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी फोनवर बोलणाऱ्या मंडळींना इंग्रजी शिकवते. परदेशी गिऱ्हाईक बोलता बोलता मध्येच काहीतरी खाण्यापिण्याचं बोलतं आणि आमची मंडळी भांबावतात. ते होऊ नये म्हणून मी असले वाक्प्रचार पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांवर लिहून नेते.

या चिठ्ठ्या आधी बाबांकडून तपासून घ्यायच्या, हा आमच्या घरचा नियम. बाबांना इंग्रजी येत नाही. मी अर्थ सांगायचा आणि त्यांनी आचारी म्हणून निकाल द्यायचा, पास की नापास. ‘पीस ऑफ केक’ म्हणजे अगदी सोपं काम, असं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला. "सोपं? हे म्हणणाऱ्यानं जन्मात केक भाजलेला नाही. मधोमध बसला की सगळा टाकून द्यावा लागतो. नापास!" ‘हॉट पोटॅटो’, म्हणजे कुणालाच हातात नको असलेलं प्रकरण, हे मात्र त्यांनी स्वतःच्या बोटांकडे बघत पास केलं. ‘स्पिल द बीन्स’वर तर खूश झाले. "त्यांचं गुपित फुटलं की कडधान्य सांडतं, आणि आपल्याला गप्प बसायचं असलं की आपण मूग गिळतो. डबा एकच आहे की गं!"

वर्गात मी हे शेरे सांगायचे. मंडळी चिठ्ठ्या विसरायची आणि शेरे लक्षात ठेवायची. घसा फोडायचा मी आणि भाव खाऊन जायचे बाबा. मला खरंच राग यायचा.

मग बाबांना ताप आला. साधाच, आठ दिवसांचा. ताप गेला तो वास आणि चव घेऊन गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येईल महिन्याभरात, किंवा वर्षात, किंवा नाहीच. बाबांनी कांदा हुंगून बघितला, चहात मीठ घालून प्यायले, अख्खं लिंबू चावलं. तोंडसुद्धा वाकडं झालं नाही.

कॅंटीनच्या मॅनेजरला कळलं असतं तर नोकरी गेलीच असती. चव न कळणारा आचारी कोण ठेवेल? म्हणून आम्ही कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. एक पद्धत बसवली. रोज साडेदहाला मी चहाच्या निमित्तानं खाली उतरायचं आणि प्रत्येक पातेल्यातलं चमचाभर चाखायचं. मीठ त्यानंतरच. कपाच्या कडेवर मी बोटं टेकवायची; जितकी बोटं, तितक्या मुठी. सहा महिने हे बिनबोभाट चाललं.

घरी चिठ्ठ्याही चालूच होत्या. ‘कूल ॲज अ ककंबर’, म्हणजे जराही न डगमगणारा.

"पास."

‘एग ऑन युअर फेस’, म्हणजे चारचौघांत फजिती.

"पास."

"अहो बाबा, अंडं तोंडावर कसं येईल?" मी मुद्दाम डिवचलं.

"असेल गं. म्हणत असतील."

एखादा अर्ज भरावा तसे ते ताटातलं संपवत होते. पुढे पुढे मीही डिवचायचं सोडलं. आमच्या घरात कुणी रडलं नाही, कुणी भांडलं नाही. जेवण शिजायचं, संपायचं, भांडी घासून पालथी घातली जायची. मला काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचंही काही वाटत नव्हतं.

एके दिवशी मोठ्या मॅडम वर्ग बघायला आल्या. मी ‘ब्रेड अँड बटर’ शिकवत होते, म्हणजे पोटापाण्याचा उद्योग. त्या मागच्या खुर्चीत बसून प्रश्नामागून प्रश्न विचारत राहिल्या. साडेदहा वाजले, अकरा वाजले, पावणेबारा झाले. ‘पाच मिनिटांत येते’ एवढं म्हणायचं होतं. ते मी का म्हटलं नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

साडेबाराला धावत खाली गेले तर रांग लागलेली आणि सूपचं पातेलं अर्ध्यावर आलेलं. मी वाटी तोंडाला लावली. मिठाचा कण नव्हता. भाजीतही नव्हता. बाबा माझी वाट बघत थांबले होते. वेळ झाली तरी अंदाजानं मीठ घालायला त्यांचा हात धजावला नव्हता.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आता मॅनेजर येणार, चमचा लावणार, आणि संपलं.

चारशे माणसं जेवली. फोनकडे बघत जेवली, गप्पा मारत जेवली. दोघातिघांनी टेबलावरची मिठाची डबी उचलून शिंपडली आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. मॅनेजर दोन वाट्या सूप प्यायला आणि "छान झालंय आज" म्हणून गेला. बाबा काउंटरमागे हात पुसत प्रत्येक परतणाऱ्या ताटाकडे बघत होते. ताटं रिकामी येत होती.

"वाचलो, बाबा," मी हळूच म्हटलं.

त्यांनी एप्रन काढला, त्याची नीट घडी घातली. "सव्वीस वर्षं मी कुणासाठी चाखत होतो गं?"

दुपारी मी वर्गातल्या चौदाही जणांना विचारलं, आज जेवण कसं होतं? एकानं तरी नाक मुरडावं म्हणून मी जीव मुठीत धरून उभी होते. "ठीक होतं, मॅडम," ते म्हणाले.

संध्याकाळी घरी मी थाप मारली. "बाबा, वर्गात एक जण म्हणत होता, आज सगळं अळणी होतं."

बाबांनी झटकन मान वर केली. "कोण?"

कित्येक महिन्यांत त्यांच्या आवाजात एवढा जीव आला नव्हता. मला एकही नाव सुचलं नाही. ते पुन्हा जेवू लागले.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी खाली उतरले. बाबांनी पातेल्यांवर झाकणं ठेवून दिली होती.

"वर जा," ते म्हणाले, "तुझा वर्ग आहे ना."