मामा बेस वाजवायचे

दत्तूमामा गेल्याचं मला त्यांच्या जुन्या ऑर्केस्ट्राच्या मोबाईल ग्रुपवरून कळलं. ‘आपले गिटारवाले गेले.’ एवढंच. आयुष्यभर ज्यांच्याबरोबर एका टेम्पोतून हिंडले, त्यांना मामांचं नावही लिहावंसं वाटलं नाही... आणि वाद्यही चुकीचं. मामा बेस गिटार वाजवायचे. चार जाड तारांची.

भोंगवलीच्या माळावर मेंढरं राखताना मामा ट्रान्झिस्टरवर साठच्या दशकातली सिनेमाची गाणी ऐकायचे. बाकीचे गाणं ऐकायचे. मामा त्या गाण्याच्या खालून चाललेली दुसरी चाल ऐकायचे. ऑर्केस्ट्रात लागल्यावर ती त्यांच्या बोटांत आली. सुट्टीत मी गेले की मलाही शिकवायचे. “गाणाऱ्याच्या मागं फरफटत जायचं न्हाई गं. तो वर चढला की आपण खाली उतरायचं. तवा त्याची उंची कळती.”

सारोळ्याच्या एका लग्नात ऐन गाण्यात कीबोर्ड बंद पडला. गायिका गांगरली. मामांनी नुसत्या बेसवर ते गाणं असं पुढं नेलं, की ती सावरली आणि शेवटपर्यंत गायली. पंगतीतले लोक हातातला घास धरून ऐकत राहिले. टाळ्या तिला मिळाल्या. मामांना त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, अजून वाटतं.

पुढं नवा कीबोर्ड आला. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी नसरापूरच्या एसटी थांब्यावर, उभ्या उभ्या सांगितलं, “बेस आता बटणावर येतो, दत्तोबा. तुमी आराम करा.” मामा तसेच बस धरून घरी आले. पुन्हा स्टेज नाही. घरी मात्र रोज सकाळी वाजवत राहिले.

आणि परवा तेच मालक भोंगवलीला हजर! भोरला श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठेवलाय म्हणे. मामींना म्हणाले, “वहिनी, गिटार द्या. हार घालून स्टेजवर ठेवू.”

“आणि बेस कोण वाजवणार?” मी विचारलं.

“अहो ताई, कीबोर्ड आहे की!”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी तोंड उघडायच्या आत मामी म्हणाल्या, “वाजवायला न्या. हार घालायला मिळायची न्हाई.”

मालक निघून गेल्यावर मामींनी ती गिटार माझ्या मांडीवर ठेवली आणि तांदूळ निवडायला बसल्या. मी मामांची एक आवडती चाल चाचपडत काढली. मामींनी कधी वाद्याला बोट लावलेलं नाही. मान वर न करता त्या म्हणाल्या, “चुकलं. हितं ते जरा थांबायचे.”

आणि गाण्याचा एकही शब्द न घेता, मामांची ती सबंध चाल त्यांनी गुणगुणून दाखवली.