फुंकणी आणि उरलेला कान

कुंभारीच्या रस्त्याला एक कॉलेज आहे. तिथं मी झाडलोट करते. आवारात कडुनिंब आणि पिंपळ भरपूर. पानगळ लागली की सकाळी झाडलेलं दुपारी परत तसंच होतं. म्हणून कंत्राटदाराने पानं उडवायचं यंत्र आणलं. खाली चाकं, धरायला दांडा, वर पेट्रोलचं इंजिन आणि पोटात पंखा. वारा एका बाजूच्या तोंडातून सुटतो. आम्ही बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव फुंकणी ठेवलं.

सुपरवायझरने आम्हाला गोळा करून यंत्र सुरू केलं. बाकीच्या बायकांनी कानावर हात ठेवले. मी ठेवले नाहीत. ते त्याने बघितलं. यंत्र बंद करून माझ्याजवळ येऊन तो मोठ्याने बोलला,

"मावशी, तुमाला तरास होत न्हाय व्हय आवाजाचा?"

"मी कारखान्यातली हाय."

"मग तुमीच चालवा की. तुमचे कान आदीच गेल्यात, आता आनखी काय जानार?"

बायका हसल्या. मीही हसले.

कारखाना म्हणजे भवानी पेठेतला टॉवेलचा कारखाना. मी तिथं कांड्यांवर सूत भरायची आणि माझा नवरा माग चालवायचा. सगळे माग एकदम सुरू झाले की शेजारच्याने ओरडलेलंही ऐकू येत नाही. म्हणून मागावरची माणसं ओठांनी बोलतात. आवाज काढायचा नाही, नुसते ओठ नीट हलवायचे, समोरच्याने बघायचं. नवरा मागापलीकडून विचारायचा, भाकरी काय आणलीस, आणि मी इकडून सांगायची. आमची भांडणंही तशीच व्हायची. ऐकू कुणालाच जायचं नाही, पण कळायचं सगळ्या शेडला.

कारखाना बंद पडला तेव्हा माझा उजवा कान गेला होता आणि डावा थोडा उरला होता. नवऱ्याचे दोन्ही गेले होते. घरातही आम्ही तसंच बोलत राहिलो. लाइट गेली की बोलणं बंद. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं.

फुंकणी शिकवायला शहरातला मेस्त्री आला होता. मुसलमान, माझ्या लेकीच्या वयाचा, मला खाला म्हणजे मावशी म्हणायचा. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर तो समोर उकिडवा बसला आणि एकेक गोष्ट दाखवून सांगितली. इंजिनाच्या प्लगला रबरी टोपी असते, तिच्यावर बोट ठेवून म्हणाला, "खाला, पैले ये टोपी निकालना, बाद में अंदर हात. भूलना नको." बंद इंजिनाचा पंखा नुसता हाताने फिरवला तरी कधी कधी ते भडकून सुरू होतं. टोपी काढली की भडकत नाही. मागात बोटं गेलेली माणसं मी बघितली आहेत, त्यामुळे मला दोनदा सांगावं लागलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी यंत्र सपाट जागेवर उभं करून तेल बघते. पेट्रोल इंजिन गार असतानाच घालते, तेही काठोकाठ नाही. हवेची जाळी झटकते, आपल्याकडे धूळ काय कमी आहे? बोल्ट थरथरून ढिले होतात, ते आवळते. चाकांत हवा बघते. पदर कमरेला घट्ट खोचते, कारण पंखा पान ओढतो तसाच पदरही ओढतो. उडवायच्या जागेवरचे दगड आधी वेचते. खडा एकदा त्या वाऱ्यात सापडला की गोफणीतून सुटावा तसा जातो. वारा पाठीवर घेऊन चालते. कुणी जवळ आलं तर थांबते. खंडेनवमीला बायका फुंकणीला झेंडूचा हार घालतात. दुसऱ्या दिवशी तो मी आधी काढते. दोरा पंख्यात गेला की आसाला गुंडाळून बसतो.

यंत्राच्या खोक्यात कानावर घालायची झाकणंही आली होती. सुपरवायझरने ती कपाटात ठेवून कुलूप लावलं, हरवतील म्हणून. वरचं कुणी बघायला आलं की तो ती बाहेर काढायचा, मी घालायची, फोटो व्हायचा आणि झाकणं परत कपाटात जायची.

मागच्या थंडीत नवऱ्याला झटका आला. उजवं अंग गेलं. सरकारी दवाखान्यातून घरी आणला तेव्हा शुद्ध चांगली होती, मला ओळखत होता, माझे ओठ वाचत होता. मग तो बोलायला लागला आणि मला काही कळेना. तोंड वाकडं झालं होतं. उजवीकडचा ओठ लोंबत होता. पाणी म्हटलं काय आणि कूस म्हटलं काय, ओठ सारखेच हलायचे. लिहून दाखवायला तो शाळेत गेलेला नाही.

आवाज बारीक निघत होता. शेजारणीला तो कळायचा. ती माझ्याकडे तोंड करून सांगायची, "काकी, कूस बदला म्हनत्यात." पण ती असली की तो तेवढंच बोलायचा. घरातलं काही बोलायचा नाही.

मी डावा कान त्याच्या तोंडाशी न्यायला लागले. सकाळी थोडं कळायचं. चहा, पाणी, पाय. संध्याकाळी फुंकणी चालवून घरी आले की कानात नुसती शिट्टी. मग सकाळचंही कमी व्हायला लागलं.

मी सुपरवायझरकडे गेले.

"कपाटातली झाकणं द्या."

"आता कशाला, मावशी?"

"एक कान उरलाय माजा."

"लईच जपाया लागलासा की."

"झाकणं द्या, न्हाय तर फुंकणी तुमी फिरवा."

त्याने कपाट उघडलं. झाकणांचा स्पंज उन्हाळ्यात वाळून गेला होता, हात लावला तसा पापडासारखा तुटला. मी म्हटलं, मग मला परत झाडू द्या. तो म्हणाला, "फुंकणी आल्यावर झाडूच्या बायका कमी केल्या की. आता झाडू हाय कुटं?" खरंच होतं ते. माझ्याबरोबर हसलेल्यांतल्या निम्म्या बायका तोवर घरी बसल्या होत्या.

झाकणांत टाकाऊ सुताचे बोळे भरून, वरून फडकं बांधून मी ती घालायला लागले. आवाज थोडा कमी झाला. दवाखान्यातल्या कानाच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "आजी, गेलेलं परत येत नाही. उरलेलं जपायचं तर मशीनपासून लांब राहा." मी मान हलवली आणि कामावर गेले. लांब राहिले तर खायचं काय, हे त्या सांगणार नव्हत्या.

शेजारीण माहेरी मंगळवेढ्याला गेली होती तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी घरी आले तर नवरा दाराकडे बघत पडला होता. मी आत आल्याबरोबर बोलायला लागला. नेहमीचं नव्हतं, लांब काहीतरी होतं. मी कान तोंडाशी नेला. कानाला श्वास लागला, शब्द लागला नाही.

"अहो, परत सांगा."

त्याने परत सांगितलं.

"पानी पायजे? पाय दुखतोय? लेकीला बोलवू?"

तो मान हलवत राहिला, नाही, नाही. मग त्याने डावा हात उचलला, लोंबणारा ओठ दोन बोटांत धरला आणि वर ओढून जागेवर आणला. मागापलीकडून बोलायचा तसा माझ्याकडे बघत, ओठ सावकाश हलवत, सगळं पहिल्यापासून परत बोलला. लाइट त्याच्या तोंडावर पडेल अशी मी सरकून बघितलं. बोटांनी धरलेला ओठ हलत नव्हता. राहिलेल्या अर्ध्या तोंडावरून मला एक शब्दसुद्धा वाचता आला नाही.

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हात खाली ठेवला.

"भाकरी करते," मी म्हटलं.

सकाळी विचारलं, काल काय म्हणत होता. तो छपराच्या पत्र्याकडे बघत राहिला. शेजारीण परत आल्यावर तिलाही विचारायला लावलं. तिच्याकडे त्याने नुसतं पाणी मागितलं.

मी रोज कामावर जाते. तेल बघते, बोल्ट आवळते, पदर खोचते, झाकणं बांधते आणि इंजिन सुरू करायची दोरी ओढते. डावा कान सकाळी अजून थोडा चालतो. निघण्याआधी मी तो त्याच्या तोंडाशी नेते. घास दिला तर तो तोंड उघडतो. कान नेला तर उघडत नाही.